काळवंडलेले पितळ : घासण्याआधी आणि घासल्यानंतर

पितळ काळे पडते ते त्यातल्या तांब्यामुळे. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. घरातल्या भांड्यांत साधारणपणे ६० ते ७० टक्के तांबे असते आणि उरलेले बहुतेक जस्त. हवेतला प्राणवायू आणि दमटपणा या तांब्याला लागला की पृष्ठभागावर आधी मळकट तपकिरी छटा येते आणि पुढे ती गडद होत जाते. कांदा-लसूण, अंडी, गटाराची हवा, वाहनांचा आणि चुलीचा धूर यांतून गंधकाची संयुगे हवेत मिसळतात. ती तांब्याशी जुळली की थर काळाकुट्ट होतो. आणि जिथे पाणी, मीठ किंवा आंबट पदार्थ साचून राहतो तिथे हिरवे येते. त्यालाच जुन्या बायका कळंक म्हणत.

तपकिरी, काळे आणि हिरवे हे तीन रंग वेगळे ओळखता आले की निम्मे काम झाले. तपकिरी किंवा काळा थर पातळ असतो, धातूला घट्ट धरून असतो आणि खालच्या धातूपर्यंत हवा पोहोचण्याचा वेग कमीच करतो. तो दिसायला वाईट, पण भांड्याला घातक नाही. हिरव्याचे तसे नाही. तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि त्याच्याखाली धातू खाल्ला जात असतो. म्हणून वर्षभर काळी राहिलेली समई दिवाळीपर्यंत थांबू शकते, पण कळशीच्या सांध्यावर हिरवे दिसले तर ते त्याच आठवड्यात काढावे.

भोपाळच्या अशोका गार्डनसारख्या वस्तीत हे तिन्ही रंग एकाच घरात सापडतात. रेल्वे लाइनीच्या पूर्वेला, गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांपासून जवळ असलेली ही दाट वस्ती आहे. भोपाळला वर्षाकाठी सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. १९५६ साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली आणि नागपूरच्या सचिवालयातले अनेक मराठी कर्मचारी इकडे आले. पुढे भेलच्या कारखान्यानेही माणसे आणली. अशा कुटुंबांच्या सामानात घंगाळ, कळशी, परात, पळी-पंचपात्र आणि समयांची जोडी असायचीच. वाडा गेला, फ्लॅट आला, आणि घंगाळ माळ्यावर चढले. रोजच्या पूजेचे ताम्हन आणि निरांजन चकचकीत राहते, कारण त्याला रोज हात लागतो. काळे पडते ते माळ्यावरचे, गोणपाटात गुंडाळून चार पावसाळे विसरलेले.

घासायला बसण्याआधी हातातली वस्तू नेमकी कशाची आहे हे पाहणे हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम. चुंबक चिकटले तर वस्तू लोखंडाची आहे आणि वर पितळेचा नुसता मुलामा आहे. तो जोरात घासला की निघून जातो आणि पुन्हा येत नाही. कांसे पितळेसारखे दिसते, पण ते तांबे आणि कथील यांचे असते. ताटाला टिचकी मारली तर त्याचा नाद लांबत जातो, पितळेचा लवकर विरतो. कांशाची साफसफाई पितळेसारखीच करता येते, मात्र ते ठिसूळ असते. हातातून निसटले तर पितळेला पोचा येतो, कांसे तडकते. मुरादाबादहून येणाऱ्या शोभेच्या बहुतेक नव्या वस्तूंवर पारदर्शक लॅकरचा हात दिलेला असतो. असा थर जागोजागी फाटला की वस्तू सरसकट काळी पडत नाही. मधेच सोनेरी, मधेच नागमोडी काळ्या रेघा असे काहीतरी विचित्र दिसते. अशा वस्तूवर कितीही चिंच चोळली तरी उपयोग होत नाही, कारण चिंच धातूपर्यंत पोहोचतच नाही. आधी ॲसिटोनने, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस-दिवा बंद करून, जुना थर पूर्ण उतरवावा लागतो. शेवटची पाहणी भांड्याच्या आतून करायची. आत पांढुरके, चांदीसारखे दिसले तर ती कल्हई आहे आणि तिला वेगळे नियम लागतात.

मग मळ. काळेपणा म्हणून आपण जे पाहतो त्यात धातूचा दोष किती आणि साचलेले तेल, काजळी, कुंकू, बुक्का किती, हे धुतल्याशिवाय कळत नाही. समईचे उदाहरण घ्यावे. तिचे भाग आट्यांवर फिरवून सुटतात: बैठक, खांब, तेलाची ताटली, वरचा मोर किंवा हंस. सुटे केल्यावर आट्यांमध्ये काळसर, चिकट, डिंकासारखे काहीतरी सापडते. ते वर्षानुवर्षे हवेने घट्ट झालेले तीळतेल असते. त्यावर आम्लाचा परिणाम होत नाही. कोमट पाण्यात भांडी धुण्याचे सौम्य द्रावण किंवा चमचाभर धुण्याचा सोडा घालून भाग अर्धा तास बुडवून ठेवायचे, मऊ दातब्रशने घासायचे आणि नक्षीत अडकलेले बांबूच्या टोकदार काडीने काढायचे. सुई, दाभण, चाकू लावायचा नाही. आटे अडकले असतील तर गरम पाण्यात ठेवून, जाड फडक्याने धरून हळूहळू फिरवावेत. पक्कड लावली की खांबाला कायमचे दात उमटतात. या एवढ्या धुण्यानेच पुष्कळ वस्तू निम्म्याहून अधिक उजळतात, आणि मग पुढे किती घासायचे आहे याचा खरा अंदाज येतो.

आता चिंच. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक, ताकात लॅक्टिक. कोकणात आमसुलाचे पाणी वापरतात, पंजाबातल्या जंडियाला गुरू इथले ठठेरे आजही वाळू आणि चिंचेचा कोळ लावून भांडी उजळतात. या ठठेऱ्यांच्या कारागिरीची युनेस्कोने २०१४ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली. या सगळ्या आंबट पदार्थांमागचे तत्त्व एकच आहे. तांब्याचे ऑक्साइड सौम्य आम्लात चटकन विरघळते, पण तांबे स्वतः सहजी विरघळत नाही. म्हणजे मळकट थर जातो आणि भांडे राहते. त्यात मीठ टाकले की मिठातला क्लोराइड हे काम आणखी सोपे करतो. आजीच्या हातच्या चिंच-मिठात इतके नेमके रसायनशास्त्र आहे.

लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात वीसेक मिनिटे भिजवून तिचा कोळ करायचा, चमचाभर बारीक मीठ घालायचे, आणि काथ्याऐवजी सुती फडक्याने किंवा बोटांनीच दोन-तीन मिनिटे चोळायचे. उभ्या वस्तूवर कोळ ओघळत असेल तर त्यात थोडी कणीक किंवा बेसन कालवावे, लेप टिकतो. सोनेरी दिसू लागले की लगेच भरपूर पाण्याने धुवायचे. पुढची पायरी बहुतेक घरांत होत नाही आणि तिथेच सगळा घोळ होतो. लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यातून वस्तू एकदा काढायची. त्याने नक्षीत राहिलेले आम्ल मारले जाते. ते राहिले तर सकाळी घासलेले निरांजन संध्याकाळपर्यंत पुन्हा डागाळते, आणि दोष चिंचेला दिला जातो.

काही काळे ठिपके चिंचेने हलतच नाहीत. ते गंधकाचे असतात. तांब्याचे सल्फाइड सौम्य आम्लाला दाद देत नाही, ते घासूनच काढावे लागते. त्यासाठी बारीक पॉलिश किंवा पितळेसाठीच बनवलेली पावडर वापरावी. १९८९ मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या पितांबरीने महाराष्ट्रात या कामाला जणू नवे नावच दिले, आणि भोपाळच्या किराणा दुकानांतही ती मिळते. पावडर कोणतीही असली तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पॉलिश करताना फडक्यावर जे काळे येते ते सगळे मळ नसते. त्यात खुद्द पितळही असते. फडके काळे होतच राहते म्हणून घासतच राहायचे, हा समज चुकीचा आहे. रंग उजळला की थांबायचे.

लालसर-गुलाबी डाग ही घासण्यातली दुसरी तक्रार. रात्रभर लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवलेला तांब्या सकाळी चेहऱ्यावर चट्टे आल्यासारखा दिसतो. आम्लाने वरच्या थरातले जस्त ओढून नेलेले असते आणि उघडे तांबे मागे राहिलेले असते. याच्या जोडीला आणखी एक प्रकार घडतो. एकाच कोळात बारा भांडी घासली की पाण्यात विरघळलेले तांबे पुढच्या भांड्यावर पातळ थर होऊन बसते. म्हणून कोळ दोन-तीन वस्तूंमागे बदलावा आणि काहीही तासन् तास बुडवून ठेवू नये. आलेली गुलाबी छटा बारीक पॉलिशच्या एक-दोन हातांनी जाते. संडास साफ करण्याचे आम्ल पितळेवर ओतणाऱ्यांची संख्या कमी नाही; क्षणात चकाकते हे खरे, पण ते आम्ल जस्त इतके खोल खाते की भांडे पुन्हा कधी पूर्वीच्या रंगावर येत नाही. तारेची घासणी, हिरवा स्क्रबर, पॉलिश पेपर आणि न चाळलेली राख यांनाही देवघरात जागा नाही. राख वाईट नाही, तिच्यातला अल्कली तेलकटपणा काढतो, मात्र ती मलमलीतून चाळलेली हवी. एक खडा राहिला तर परातीवर तो गोल गोल रेघा ओढतो.

जुन्या भांड्यांवर एक मजकूर असतो. काठाच्या खाली, बारीक ठोक्यांच्या ठिपक्यांनी, नाव घातलेले असते: कोणी, कोणाला, कोणत्या निमित्ताने, कोणत्या साली. लग्नाच्या रुखवतातली कळशी, मुंजीतला गडू, वास्तुशांतीचे पातेले. अनेक घरांत पणजीचे नाव कागदावर कुठेच नाही, फक्त पितळेवर आहे. हे ठिपके खोल नसतात. दर महिन्याला विटेच्या भुकटीने घासलेल्या भांड्यावर तीस-चाळीस वर्षांत ते बोटाला लागेनासे होतात, आणि मग तिरप्या उजेडात भांडे धरूनही वाचता येत नाहीत. देव्हाऱ्यातल्या मूर्तींचेही हेच. रांगत्या बाळकृष्णाचे नाक आणि डोळे सपाट झालेले असतात, हातातला लोण्याचा गोळा उरलेला असतो. कोणी अपमान केलेला नसतो, नुसते प्रेमाने आणि रोज घासलेले असते. मूर्तीला पावडर सणापुरती, एरवी अभिषेकानंतर कोमट पाणी आणि मऊ फडके एवढेच पुरते. पंचामृत मात्र मूर्तीवर वाळू देऊ नये. दही आंबट, मध चिकट. कानामागे, मुकुटाच्या खाचेत साचले की तिथेच पहिले हिरवे उगवते. ज्या भांड्यावर नाव आहे, तिथे घासण्याआधी कागद ठेवून शिसपेन्सिलीने वरून छाप उतरवून घ्यावी. दोन मिनिटांचे काम आहे.

बाजारात मिळणाऱ्या काही पातळ पॉलिशमध्ये अमोनिया असतो. वास नाकात झोंबला की ओळखावे. पितळ आणि अमोनिया यांचे वैर भारतातच उघडकीस आले. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेच्या बंदुकांची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली जात आणि पाऊस संपेपर्यंत त्यांना आपोआप तडे जात. कारण कळत नव्हते, म्हणून त्याला ऋतूचे, म्हणजे पावसाळ्याचे, नाव पडले. १९२१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेच्या कणांमधल्या सांध्यांवर हल्ला करतो, आणि ठोकून घडवलेल्या पितळेत आधीच ताण असल्यामुळे ते फाटते. घरातल्या ठोक्याच्या कळशीतही असाच ताण असतो. म्हणून अमोनियाचे पॉलिश लावलेच तर लगेच धुऊन टाकावे, आणि फरशी पुसण्याची, काच साफ करण्याची द्रावणे पितळेच्या कपाटाजवळ उघडी ठेवू नयेत.

स्वयंपाकाच्या पितळेची गोष्ट निराळी. मराठीत कळकणे हे क्रियापद खास यासाठीच आहे: बिनकल्हईच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात आमटी, ताक, कढी ठेवली की ती कळकते. तिला धातूची चव येते, आणि ती खाल्ली तर मळमळ, उलटी होते. आंबटपणात विरघळलेले तांबे पोटात गेलेले असते. हे टाळण्यासाठी आतून कथिलाचा पातळ थर देतात, तीच कल्हई. कल्हईवाला भाता मारून निखारे फुलवतो, भांडे तापवतो, आत नवसागराची चिमूट टाकतो. पांढरा धूर उठतो आणि पृष्ठभाग स्वच्छ होतो. मग कथिलाची कांडी तापल्या धातूला लावताच ती पाण्यासारखी वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने तो एका दमात सगळीकडे फिरवतो. जिथे हात फिरतो तिथे काळे भांडे चांदीसारखे होत जाते. भोपाळमध्ये त्याला कलईवाला म्हणतात. गल्लीत फिरणारे कमी झाले आहेत. नागपूर किंवा भंडाऱ्याला जाणे होणार असेल तर भांडी बरोबर न्यावीत. भंडारा पितळेच्या कामासाठी प्रसिद्ध आहेच.

कल्हईची निगा तिच्या वितळण्याच्या अंकात आहे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. रिकामे पातेले मोठ्या आचेवर विसरले तर तळ त्याहून सहज पुढे जातो आणि कल्हई गोळा होऊन एका बाजूला सरकते. म्हणून आधी तेल किंवा पाणी, मग आच, आणि फोडणीसाठी वेगळी लोखंडी कढई. आत चिंच, लिंबू, पावडर, घासणी काहीही लावायचे नाही. साबणाचे पाणी आणि मऊ फडके. कथील काळपट होत जाते, त्याने काही बिघडत नाही. पिवळा धातू डोकावू लागला की पुन्हा कल्हई करायची वेळ झाली. कल्हई करणाऱ्याला कथील शुद्ध आहे का हे विचारायला संकोच करू नये. शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडते, आणि शिसे लहान मुलांच्या अंगी साठत जाते. शोभेसाठी म्हणून भंगाराच्या ओतीव पितळेतून बनलेल्या वस्तूंतही शिसे असू शकते. अशा वाटीत बाळाला भरवू नये.

पोचे, गळके तळ आणि सुटलेले कान घरी ठोकून नीट होत नाहीत. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. बारीक ठोक्यांच्या तिथल्या मठारकामाने पोचा निघतोच, शिवाय पत्राही पुन्हा घट्ट होतो. मध्य प्रदेशात ठठेरे, कसेरे आणि ताम्रकार मंडळी हेच करतात. त्यांना भांडे देताना झाळ कशाची देणार हे आधी ठरवावे: पाणी भरायच्या कळशीला शिशाची झाळ चालत नाही.

उजळलेले पितळ टिकवायचे तर पहिला शत्रू पाणी. धुऊन निथळत ठेवलेले भांडे निथळताना डागाळते, बोअरचे कठीण पाणी असले तर पांढरे वर्तुळही उमटवते. शेवटचा हात लगेच कोरड्या जुन्या पंच्याने द्यायचा, आणि पोकळ वस्तू थोडा वेळ उन्हात उलटी ठेवायची, म्हणजे आटे आणि सांधे आतून वाळतात. दुसरा शत्रू घामाचे बोट. त्यातल्या मिठाने आठ दिवसांत बोटाचा ठसा तपकिरी होऊन वर येतो. पॉलिशनंतर वस्तू फडक्यानेच धरावी.

शोभेच्या, न तापणाऱ्या आणि अन्नाला न लागणाऱ्या वस्तूंवर मेणाचा पातळ हात हा घरगुती उपायांत सर्वांत चांगला. मधमाशीचे किंवा फर्निचरचे स्वच्छ मेण मऊ फडक्यावर अगदी थोडे घ्यायचे, वस्तू किंचित कोमट असताना फिरवायचे, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून काढायचे. वर्षातून दोनदा पुरते. खोबरेल तेल लावण्याची पद्धत आहे, त्याने चार दिवस चकाकी राहते, पण धूळ चिकटते आणि तेल पुढे खवट होऊन पितळेलाच हिरवे करते. लॅकर द्यायचे तर माहीतगाराकडून. एकदा फाटलेले लॅकर काढून पुन्हा लावावे लागते, मधे ठिगळ देता येत नाही.

फार जुनी, घडणीची किंवा वंशपरंपरेची वस्तू असेल तर तिला सोन्यासारखे करण्याचा मोह आवरावा. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे आणि भांडी पाहणाऱ्याला कळते की त्या गडद, मऊ रंगातच त्यांचे वय आणि घडण दिसते. अशा वस्तूची धूळ काढावी, हिरवे काढावे आणि तपकिरी राहू द्यावे. फिकट हिरवी पावडर पुसल्यावर पुन्हा पुन्हा येत असेल तर आत क्लोराइड मुरले आहे. ते घासून जात नाही. उकळून गार केलेले पाणी उपयोगाचे नाही, त्यातले क्षार तसेच राहतात; बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी रोज बदलत काही दिवस वस्तू त्यात ठेवावी लागते. एवढे करूनही पावडर परतली तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. भोपाळमध्येच श्यामला हिल्सवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. तिथे विचारणा करता येईल.

माळ्यावर ठेवताना वर्तमानपत्र, रबरबँड, लोकर आणि कच्च्या लाकडाची पेटी या चारही गोष्टी टाळाव्यात. रबर आणि लोकर यांत गंधक असते. रबरबँड बांधलेल्या पळी-पंचपात्रावर बरोबर त्याच्याच रुंदीची काळी रेघ उमटते. कागद आणि ताजे लाकूड आम्ल सोडतात. धुतलेल्या, नीळ न घातलेल्या सुती कापडात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी सैल ठेवून, आत सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या टाकाव्यात. लोणच्याच्या बरण्या आणि मिठाचा डबा त्या फळीवर नकोत. पाऊस सुरू होण्याआधी, मेच्या कोरड्या उन्हात, एकदा सगळे खाली काढून पाहावे. कापड दमट लागले तर बदलावे, पुड्या नव्या घालाव्यात, आणि ज्या भांड्यावर हिरवा ठिपका दिसेल तेवढेच धुवायला काढावे.